हातातल्या स्मार्टवॉचवर ध्यान कसं शिकायचं

लातूरला नीटची तयारी करणारी पोरं असोत की परभणीतले शाळेतले सर, आता सगळ्यांच्याच हातात स्मार्टवॉच दिसायलंय. पावलं मोजायची अन् कॉल आला की बघायचा, एवढंच काम त्याला देतात, पण ध्यान शिकायला हेच घड्याळ लई कामाला येतं, फक्त कधी बघायचं अन् कधी नाही बघायचं हे कळलं पाहिजे, नाहीतर माणूस डोळे मिटून आकड्याचाच विचार करत बसतो.

आधी घड्याळाला काय कळतं ते बघा. खालच्या बाजूला हिरवा लाईट लागतो ना, त्याचा उजेड रक्तात शोषला जातो, प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त कमीजास्त होतं अन् त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. एचआरव्ही म्हणून जो आकडा येतो तो म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं ते, नाडी ६० असली तरी प्रत्येक ठोका बरोबर सेकंदाला पडत नाही, एक ०.९ ला पडला तर दुसरा १.१ ला. श्वास घेताना ठोके जरासे वाढतात, सोडताना कमी होतात, अन् श्वास सावकाश झाला की हे वरखाली अजून ठळक होतं. मन कुठं भटकायलंय हे त्याला काही कळत नाही, त्यामुळं ठोक्यांवरून काढलेला स्ट्रेसचा आकडा ४० दाखवला म्हणून घाबरू नका अन् २० दाखवला म्हणून समाधी लागली असंही समजू नका.

आता बसायचं कसं. पट्टा मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट पण वळ उठणार नाही असा. घाम पुसून घ्या. माळ ओढत जप करत असाल तर घड्याळ दुसऱ्या हातात घाला, बोटं हलली की मनगटातल्या शिरा हलतात अन् रीडिंग चुकतं, हे कुणी सांगत नाही पण घरोघरी हेच होतं. नोटिफिकेशन सगळे बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मग घड्याळातलं ब्रीदिंगचं ॲप लावा, कुठं माइंडफुलनेस म्हणतात कुठं रिलॅक्स, त्यात ५ सेकंद श्वास आत, ५ सेकंद बाहेर असं सेट करा, म्हणजे मिनिटाला ६ श्वास होतात. व्हायब्रेशन चालू ठेवा अन् स्क्रीनकडं अजिबात बघू नका, डोळे मिटून मनगटावरच्या त्या थरथरीच्या तालावर श्वास घ्या अन् सोडा. ५ सेकंद जड जात असतील तर ४ करा, ओढून ताणून श्वास घेतला की चक्कर येते. सुरुवातीला ५ मिनिटं पुष्कळ झाली.

आकडे बघायचे ते ध्यानातून उठल्यावर, तेही एका दिवसाचे नाही तर आठवड्याचे, अन् रोज एकाच वेळेला बसून. सकाळी चहाच्या आधी बसलात तर रोज आधीच बसा, चहा तंबाखूनं नाडी बदलते. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो, त्यात लाईट गेलेली, पंखा बंद, अशा वेळी नाडी वाढणारच, तेव्हा मेचा आकडा डिसेंबरशी लावून आपलं ध्यान बिघडलं असं म्हणू नका. शेजाऱ्याच्या आकड्याशी तर कधीच तुलना करू नका, एचआरव्ही वयानुसार अन् माणसागणिक वेगळा असतो. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात किंवा नाडी कमी ठेवायच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी हा आकडा धरूच नये, अन् घड्याळ बघून गोळी बंद करणं तर अजिबात नको, आधी डॉक्टरला विचारा.

डोक्याला बांधायचे पट्टे पण मिळतात, म्यूज त्यातलाच एक, तो कपाळावर अन् कानामागं टेकतो, मेंदूतली बारीक वीज टिपतो अन् मन शांत राहिलं की कानात पक्ष्यांचा आवाज ऐकवतो. पण महाग आहे, अन् कपाळावर तेल, गंध किंवा बुक्का असला तर सिग्नल नीट येत नाही, पुसून जरासं पाणी लावावं लागतं. पापणी हलली, दात चावले तरी त्याचाच सिग्नल मोठा येतो. शिकायला घड्याळ पुरतं, माझं तर स्पष्ट मत आहे की पट्ट्यावर पैसे घालू नका.

एकदा श्वासाची लय बसली की व्हायब्रेशन बंद करून बसा, नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवा, अन् उठल्यावर आकडा बघायच्या आधी स्वतःच सांगा की आज श्वास कसा होता, कुठं तुटला, मग घड्याळातला ठोक्यांचा ग्राफ बघा. तुमचं अन् ग्राफचं जमायला लागलं की एक दिवसाआड घड्याळ काढून बसा. पुढं कुणाला १० दिवसाच्या विपश्यना शिबिराला जायचं असेल तर ही सवय आधीच करा, तिथं फोन जमा करून घेतात अन् पहिले ३ दिवस नुसता आपला साधा श्वास बघायचा असतो, तो मोजून किंवा लांबवून चालत नाही.