पांढरं दिसलं म्हणून जिप्सम ओतू नका : पेरणीआधी जमिनीचा सामू ओळखा

मे महिन्यात नदीकाठच्या उसाच्या रानात दुपारी फिरलं की सखल भागात जमिनीवर मीठ शिंपडल्यासारखा थर दिसतो. आमच्या सांगलीकडच्या वाळवा भागात अशा रानाला सरसकट 'क्षारपड' म्हणतात, आणि क्षारपड म्हटलं की पुढचा शब्द ठरलेला : जिप्सम. मृगाच्या आधी ट्रॉल्या भरून जिप्सम येतं, फेकलं जातं, आणि दिवाळीला ऊस तसाच पिवळा राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्याच दीड एकराला एका दुकानदाराने जिप्सम म्हणून विझवलेल्या चुन्याची पोती दिली. दोन्ही पांढरं, दोन्ही भुकटी. आधीच अल्कधर्मी असलेल्या काळ्या रानात आम्ही आणखी अल्क कालवलं. त्या हंगामातलं सोयाबीन वीतभर झालं आणि पिवळं पडलं. तेव्हापासून मी हातात येणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या भुकटीला आधी पाण्यात घालून पाहतो.

हे सगळं नववीच्या विज्ञानात शिकवलेलं असतं. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं. चुना हा आम्लारी, म्हणजेच अल्क. जिप्सम हा क्षार, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, जवळजवळ उदासीन. रानावरचा पांढरा थर हाही क्षारच, पण बहुतेक वेळा सोडियमचा. इथे एक गोंधळ वेळीच सोडवला पाहिजे. आपल्या पाठ्यपुस्तकात 'क्षार' म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून बनलेला पदार्थ, मिठासारखा. हिंदीत मात्र 'क्षार' म्हणजे आम्लारी. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून सल्ला घेणारे शेतकरी पुष्कळ आहेत, आणि तिथला 'क्षारीय' म्हणजे आपल्याकडची चोपण जमीन, क्षारयुक्त जमीन नव्हे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. शब्द चुकला की उपाय चुकतो आणि पोत्यांचे पैसे जातात.

क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात, पण सामू, म्हणजे आम्ल-अल्क मोजणारा pH चा आकडा, साधारण 8.5 च्या आत असतो. माती भुसभुशीत राहते, पाणी मुरतं, पण मुळांना ते पाणी ओढता येत नाही. रान ओलं असूनही पीक दुपारी माना टाकतं. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेला असतो आणि सामू 8.5 च्या वर जातो. ओली असताना पायाला लोण्यासारखी चिकटते, वाळली की ढेकूळ कुदळीनेही फुटत नाही, पाणी आठ-आठ दिवस तुंबून राहतं. कधी कधी वर काळसर, तेलकट डाग दिसतात, कारण सोडियम कार्बोनेटमुळे सेंद्रिय पदार्थ विरघळून वर येतो. तिसरा प्रकार दोन्हींच्या मिश्रणाचा, क्षारयुक्त-चोपण, आणि सगळ्यात जास्त फसवणारा तोच. त्याबद्दल पुढे सांगतो.

सामूचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. 7.5 आणि 8.5 यांत फरक एकाचा दिसतो, पण हे माप दहाच्या पटीत चढतं. 8.5 सामूची माती 7.5 च्या मातीपेक्षा दहापट अल्कधर्मी असते. बहुतेक अन्नद्रव्यं पिकाला 6.5 ते 7.5 या पट्ट्यात नीट मिळतात. त्याच्या वर गेलं की लोह आणि जस्त मातीत असूनही मुळांना मिळत नाही. चुनखडीच्या रानातल्या उसावर आणि भुईमुगावर येणारा केवडा, म्हणजे पानं पिवळी पडणं, बहुतेक वेळा यामुळेच असतो.

घरी करून बघा

सामूची पट्टी हाताशी नसेल तर स्वयंपाकघरातली हळद घ्या. हळदीच्या पाण्यात टीपकागद बुडवून सावलीत वाळवा. वाटीभर मातीत अडीच वाट्या स्वच्छ पाणी घालून ढवळा, तासभर निवळू द्या आणि वरचं पाणी त्या कागदावर टाका. कागद तांबूस झाला तर माती चांगलीच अल्कधर्मी आहे. हळदीला अल्क लागलं की ती लाल होते, पारंपरिक कुंकू याच गुणावर बनतं. कागद पिवळाच राहिला तर मात्र माती चांगली आहे असं समजू नका. हळद आम्ल ओळखत नाही आणि थोडासा अल्कही ओळखत नाही.

माझा जास्त विश्वास आहे तो ढेकळाच्या परीक्षेवर. काचेचा ग्लास घ्या आणि बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी अर्ध्यापर्यंत ओता. शेंगदाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ हलकेच सोडा. ढवळायचं नाही, ग्लास हलवायचा नाही. चांगल्या मातीचं ढेकूळ फुटून तळाशी पसरतं, पण वरचं पाणी स्वच्छ राहतं. चोपण मातीच्या ढेकळाभोवती दोन तासांत दुधाळ धुकं तयार होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा ग्लास पातळ चहासारखा गढूळ झालेला असतो. सोडियम लागलेले चिकणमातीचे कण एकमेकांना ढकलतात, म्हणून ते खाली बसतच नाहीत. रानात हेच कण मातीची छिद्रं बुजवतात आणि पाणी तुंबतं.

आता त्या गढूळ ग्लासात चिमूटभर जिप्सम टाकून ढवळा आणि ठेवून द्या. थोड्या वेळात माती गोळा होऊन खाली बसायला लागते. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की जे होतं तसंच हे. कॅल्शियमने सोडियमला कणांवरून हुसकावलं आणि कण एकत्र आले. जिप्सम तुमच्या मातीवर काम करेल की नाही हे एका ग्लासात समजतं. गावातल्या शाळेतल्या मुलांना हे करायला द्या, ती घरी जाऊन वडिलांना दाखवतील.

परीक्षेला बोअरचं पाणी मात्र वापरू नका. त्यातल्या क्षारांमुळे चोपण मातीही निवळते आणि तुम्ही फसता. क्षारयुक्त-चोपण जमीन अशीच फसवते. तिच्यात स्वतःचेच क्षार इतके असतात की ढेकूळ स्वच्छ दिसतं, रानही भुसभुशीत वाटतं. शेतकरी म्हणतो, आधी पाणी देऊन क्षार धुऊन काढू. क्षार धुऊन जातात, सोडियम कणांना तसाच चिकटून राहतो, आणि पुढच्या वर्षी कालपर्यंत बरं असलेलं रान दगड होतं. म्हणून अशा रानात आधी जिप्सम आणि मग धुणं, हा क्रम उलटू देऊ नका.

जिप्सम कुणाला, किती, कसं

फक्त क्षारयुक्त असलेल्या जमिनीला जिप्समचा उपयोग नाही. तिथे क्षार पाण्याबरोबर खाली आणि बाहेर गेले पाहिजेत, म्हणजे निचरा हवा. भूजल दीड-दोन मीटरच्या आत आलेलं असेल तर उन्हाळ्यात पाणी केशाकर्षणाने वर चढतं, उडून जातं आणि क्षार मागे ठेवतं. मेमधला पांढरा थर तोच. उघडे चर, नाहीतर छिद्रांच्या पाइपांचा भूमिगत निचरा, यांना पर्याय नाही. चराचं पाणी जायला ओढा पाहिजे, आणि ओढ्यापर्यंतची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून जाते. म्हणून हे काम एकट्याने होत नाही, गटाने करावं लागतं. पाऊस सुरू होण्याआधी चर उकरून साफ करा. जुलैत चिखलात ते होणार नाही.

चोपण जमिनीला जिप्सम हवंच, पण किती ते प्रयोगशाळेतून 'जिप्समची गरज' काढूनच ठरवा. अहवालातला आकडा शुद्ध जिप्समचा असतो. एकरी 2 टन सांगितलं असेल आणि पोत्यावर शुद्धता 70 टक्के असेल, तर टाकायचं सुमारे 2.85 टन. बारीक दळलेलं घ्या. रान सपाट करून पसरा आणि वरच्या 10 ते 15 सेंटिमीटरमध्येच मिसळा, खोल नांगरून गाडू नका. मग पाणी मुरू द्या. जिप्सम आणि सोडियम कार्बोनेट मिळून चुनखडी आणि सोडियम सल्फेट होतं. हे सोडियम सल्फेट पाण्यात सहज विरघळतं, आणि ते रानाबाहेर गेलं तरच पैसे वसूल होतात. निचरा नसेल तर सोडियम तिथेच फिरत राहतो. त्यानंतर हिरवळीच्या खताचा धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आत गाडा.

आमच्या काळ्या रानात चुनखडी आधीच भरपूर आहे, मग वेगळा कॅल्शियम कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे. चुनखडी अल्कधर्मी मातीत जवळजवळ विरघळतच नाही, लिटरला काही मिलिग्रॅम एवढीच. जिप्सम लिटरला दोन ग्रॅमच्या वर विरघळतं. जमिनीत मुक्त चुना, म्हणजे हीच चुनखडी, जास्त असेल तर गंधकाची भुकटीही चालते. मातीतले जिवाणू तिचं सल्फ्युरिक आम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवतं आणि जिप्सम जागेवरच तयार होतं. याला ओल, ऊब आणि काही महिने लागतात, त्यामुळे लगेच फरक दिसला नाही तर घाबरू नका. मुक्त चुना आहे की नाही ते पाहायला ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका. फसफसलं तर आहे.

कोकणात उलटं

जांभ्या जमिनीवर दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन नेतो. सामू 5 ते 6 च्या घरात येतो आणि स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला बांधला जातो. इथे चुना हवा. जिप्सम टाकून सामू वाढत नाही, ते भुईमुगाला आऱ्या सुटताना कॅल्शियम आणि गंधक देण्यापुरतं ठीक. दळलेली चुनखडी 100 किलो, विझवलेला चुना 74 किलो किंवा कळीचा चुना 56 किलो, यांची आम्ल मारण्याची ताकद सारखी. भाव विचारताना हा हिशेब डोक्यात ठेवा. पेरणीच्या तीनेक आठवडे आधी मातीत मिसळा. डोलोमाइट मिळालं तर मॅग्नेशियमही मिळतं. भाताच्या खाचरात मात्र घाई करू नका. पाणी साचलं की आम्ल मातीचा सामू आपोआप वर सरकतो, म्हणून चुन्याचा खरा फायदा वरकस, म्हणजे पाणी न साचणाऱ्या उताराच्या जमिनीतल्या भुईमुगाला आणि भाजीपाल्याला होतो. खाडीकाठच्या खार जमिनीचा प्रश्न चुन्याचा नाही, समुद्राच्या मिठाचा आहे. तिथे बांध आणि उघाडी (भरतीचं पाणी अडवणारी दारं) दुरुस्त ठेवणं, पहिल्या पावसांनी मीठ धुऊ देणं आणि पनवेल 1, 2, 3 यांसारख्या भाताच्या जाती लावणं हेच काम. गोव्याच्या खाजनात, म्हणजे तिथल्या खार जमिनीत, कोरगूट हा भात याच कारणाने टिकून आहे.

युरिया आणि फवारणीचं पाणी

बाटलीच्या झाकणात चिमूटभर नवसागर आणि चिमूटभर ओला चुना मिसळून लांबूनच वास घ्या, नाकात झणका जातो. तो अमोनिया, म्हणजे तुमचं नत्र. अमोनियम सल्फेट किंवा युरिया चुन्यात मिसळू नका, आणि चोपण किंवा चुनखडीच्या रानात वरच्या वर उधळू नका. मातीआड करा, नाहीतर लगेच पाणी द्या.

फवारणीच्या पाण्यातही पट्टी बुडवायची सवय लावा. बोअरचं पाणी पुष्कळदा 8 च्या वर असतं आणि काही औषधं त्यात टाकीतच मरतात. कॅप्टन हे बुरशीनाशक सामू 5 च्या पाण्यात अर्धं उरायला 32 तास लागतात, 7 ला 8 तास, आणि 8 ला फक्त 10 मिनिटं. औषधाच्या लेबलवर चालतं असं लिहिलं असेल तर लिंबूसत्त्व थोडं थोडं घालून पाणी 6 च्या आसपास आणा आणि औषध त्यानंतर टाका. तांब्याची औषधं असतील तर आम्ल अजिबात घालू नका, मोकळं तांबं पानं जाळतं. मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण करताना काळजी नेमकी याचीच घ्यायची असते. 1 टक्का मिश्रणाला 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवा आणि मोरचूद हळूहळू चुन्याच्या निवळीत ओता. घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मिश्रण आम्ल आहे, आणखी चुना घाला. सुपारीवर कोळेरोगासाठी, म्हणजे फळं सडण्याच्या रोगासाठी, पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर करतात, तेव्हा खिळा खिशातच ठेवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

मातीचा नमुना या आठवड्यात काढा

रान मोकळं आहे, शेणखत अजून पडलेलं नाही, तोवर हे उरका. एकसारख्या रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत खरवडा. बांध, झाडाखालची जागा, खताच्या ढिगाची जागा सोडा. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, पुन्हा तसंच करत अर्धा किलोवर या. सावलीत वाळवा. खताच्या रिकाम्या पोत्यात नमुना अजिबात भरू नका. पांढऱ्या थराची माती वेगळ्या पिशवीत द्या आणि तसं लिहा. अहवाल आल्यावर विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, कोणत्या पद्धतीने काढली ते विचारा. 4 ची (डेसिसायमन प्रति मीटर) मर्यादा संपृक्त अर्काची, म्हणजे पाण्याने जेमतेम भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची असते, एक भाग माती आणि अडीच भाग पाण्याच्या द्रावणात आकडा बराच कमी येतो, आणि तो कमी बघून रान निर्धोक समजणारे मी पाहिले आहेत. विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही द्या : पंप दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मग लिटरभर भरा. पाण्यात बायकार्बोनेट कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा फार जास्त निघालं, तर तेच पाणी दरवर्षी रान चोपण करत असतं.

ढेकळाच्या परीक्षेला पुढे पाणी विकत आणायची गरज नाही. पाऊस सुरू झाला की दोन-चार सरी पत्रे धुऊन जाऊ द्या, मग उघड्यावर स्वच्छ पातेलं ठेवून दोन बाटल्या भरून ठेवा. वर्षभर पुरतात.