रत्नागिरीत महिनाभर राहायचे असेल, तर जागा कशी निवडावी

दोन दिवसांसाठी रत्नागिरीला येणारा पाहुणा खोलीतून समुद्र दिसतो का, हे विचारतो. महिनाभर राहणाऱ्याने त्याआधी नळाला पाणी किती वाजता येते, हे विचारावे. बदलीच्या नोकरीत कायमची जागा मिळेपर्यंत, घरच्या कोणाच्या उपचारासाठी किंवा लॅपटॉपवरचे काम सोबत घेऊन येथे येणाऱ्यांची निवड बहुधा फोटो पाहून होते, आणि फोटोत न दिसणाऱ्या गोष्टीच पुढे रोज आड येतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस एखाद्या साध्या लॉजमध्ये काढावेत आणि महिन्याची जागा स्वतः हिंडून ठरवावी, हे मी सर्वांना सांगतो.

प्रथम महिना पाहावा, मग घर. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात किनाऱ्यालगतची जागा म्हणजे खिडक्या बंद करून बसण्याची जागा होय: झड आत येते, कपडे वाळत नाहीत आणि समुद्रात पाय घालण्याचीही सोय नसते. एप्रिल-मेमध्ये हापूसचा हंगाम, सुट्ट्या आणि मुंबईहून उतरणारे चाकरमानी यांमुळे भाडी चढतात, शिवाय पाण्याची टंचाई असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. समुद्राजवळ राहायची हौस असेल तर ती तेव्हाच भागवून घ्यावी.

हे शहर दोन पातळ्यांवर वसलेले आहे, हे नकाशा पाहून लक्षात येत नाही. मारुती मंदिर, शिवाजीनगर, साळवी स्टॉप, नाचणे हा वरचा भाग. तर माळनाक्यावरून उतरत गेले की जयस्तंभ, राम आळी, टिळक आळी आणि पुढे मांडवी हा खालचा, जुना भाग. वर नवी संकुले, दवाखाने आणि मोकळा वारा मिळतो. खाली बाजार, एसटी स्थानक आणि १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय हाताशी येते, पण गल्ल्या अरुंद आहेत आणि स्वतःची चारचाकी आणणाऱ्याला गाडी लावण्याची चिंता रोजची होते. नकाशावर एक किलोमीटर दिसणारे अंतर सामान घेऊन चढताना निराळेच भासते, त्यामुळे गुडघ्यांची तक्रार असलेल्या माणसाने वरच्या भागातच जागा शोधावी. माझे मत विचाराल, तर एकट्या नोकरदाराला मारुती मंदिराचा परिसर आणि वाचन-लेखनासाठी आलेल्याला थिबा पॅलेसच्या बाजूचा शांत भाग मानवतो. तेथून संध्याकाळी भाट्याची खाडी पाहायला पायी जाता येते.

‘स्टेशनजवळ’ अशी जाहिरात असेल तर ते नीट समजून घ्यावे. रेल्वे स्थानक शहरात नाही, ते कुवारबावच्या बाजूला आहे. दर आठवड्याला गाडीने ये-जा करणाऱ्यास कुवारबाव किंवा खेडशी सोयीचे पडते. इतरांचा मात्र रिक्षाचा खर्चच वाढतो. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश धावतात, तेव्हा अपरात्री उतरून घर गाठता येईल का, हेही मनाशी ताडून पाहावे.

किनाऱ्याचाच हट्ट असेल, तर मांडवी, भाट्ये आणि मिरकरवाडा यांना एकाच मापाने मोजू नये. मांडवी शहराला लागून आहे, पण सुटीच्या संध्याकाळी तेथे गर्दी असते. भाट्ये सुरूच्या बनामुळे देखणे आहे, मात्र प्रत्येक कामासाठी खाडीवरचा पूल ओलांडावा लागतो. मिरकरवाडा हे मासेमारी बंदर. पहाटेपासून नौकांची आणि लिलावाची लगबग, सुकत्या मासळीचा वास आणि दारात ताजी मासळी हे सारे एकत्रच स्वीकारावे लागते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ती लगबग थंडावते.

जागा पाहायला शक्यतो दुपारी जावे आणि हात लावून पाहावी. कपाट उघडून आत नाक घालावे. कोंदट वास आला तर पावसात तेथे बुरशी धरणार, असे समजावे. भिंतीच्या तळाशी, पलंगामागे काळे ठिपके किंवा फुगलेला रंग दिसतो का, ते पाहावे. खिडकीची बिजागरी आणि गिझरचे नट गंजले असतील, तर खारे वारे थेट येतात, आणि लॅपटॉपवाल्याने तेवढ्यावरून बोध घ्यावा. शहराला शीळ धरणातून पाणी येते आणि काही उन्हाळ्यांत ते एक दिवसाआड सोडण्याची वेळ आलेली आहे. कुवारबाव, खेडशी या ग्रामपंचायतींच्या हद्दी असल्याने तेथील व्यवस्था वेगळी असते. तेव्हा टाकी किती लिटरची, विहीर आहे का आणि असल्यास मे महिन्यात तिला पाणी राहते का, हे मालकाऐवजी शेजाऱ्याला विचारावे. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर केवळ दिवे चालतात की पंखाही, हा प्रश्न अनेकांना पहिल्या वादळी रात्री सुचतो. पावसाळ्यात येणार असाल, तर कपडे वाळत घालण्यापुरती तरी झाकलेली पडवी हवीच.

जेवणाचे आधीच बोलून घ्यावे. पुष्कळ घरांत मालकीणबाईंकडूनच डबा मिळतो आणि तो खानावळीपेक्षा बरा असतो. परंतु स्वयंपाकघर तुमच्या हाती असले, तरी तेथे मासे शिजवलेले चालतात का, हे विचारण्यात संकोच करू नये.

व्यवहार एका महिन्याचा असला तरी कागदावर असावा. भाडे, अनामत, विजेचे बिल कोणाचे आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम परत मिळणार, एवढे त्यात यावे. ओळखपत्राची प्रत द्यावी आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला मालक देणार आहेत, याची खात्री करून घ्यावी. आणि तुमच्या महिन्यात गणपती किंवा शिमगा येत असेल, तर मालकांचे मुंबईकर कुटुंब त्या दिवसांत याच घरात उतरणार आहे का, हे अनामत देण्यापूर्वी स्पष्ट विचारावे. उतरणार असेल तर तेवढे दिवस वगळून भाडे ठरवावे आणि त्या दिवसांपुरती लॉजची खोली तेव्हाच राखून ठेवावी, कारण सणाच्या तोंडावर ती मिळत नाही.