स्तनग्रंथी आणि दूध: या चुका टाळा

स्तन म्हणजे दुधाची टाकी, ही समजूत फार खोल रुजली आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच निघतात. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांनीही तिला बळ दिलं. बोंडामागे दूध साठवणाऱ्या फुगीर पिशव्या दाखवणारी ती आकृती ब्रिटिश शल्यविशारद ॲस्टली कूपर यांच्या १८४० सालच्या कामातून आली. त्यांनी मृत स्त्रियांच्या दुग्धनलिकांत मेण भरून रचना पाहिली होती. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या आयांची सोनोग्राफी केली, तेव्हा तशा पिशव्या सापडल्या नाहीत. बोंडामागच्या मुख्य नलिका सरासरी नऊच्या आसपास निघाल्या, पुस्तकांत मात्र १५ ते २० लिहिलेलं असतं. जाडी जेमतेम २ मिलिमीटर.

म्हणजे दूध बोंडामागे साठत नाही. ते आत खोलवर, अल्व्हिओलाय नावाच्या पेशींच्या सूक्ष्म पुंजक्यांत तयार होतं आणि तिथेच थांबतं. म्हणून नुसतं बोंड दाबून काही निघत नाही, आणि बाळाने नुसतं बोंड तोंडात धरलं तर त्याचं पोट भरत नाही, आईला मात्र चिरा पडतात. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं आणि बोंडाभोवतीचा काळसर भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, तोंडात जायला हवा. दुखत असेल तर सहन करत बसू नका. बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात हळूच बोट घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा.

आकारावरून दुधाचा अंदाज बांधणं ही तितकीच जुनी चूक. आकार मुख्यतः चरबीवर ठरतो, दूध ग्रंथीच्या ऊतींवर. लहान स्तन असलेली आईही बाळाला पुरेसं दूध देऊ शकते. फार तर एका वेळी साठणारं दूध कमी असेल, मग बाळ जास्त वेळा पिईल.

आता संप्रेरकं. विद्यार्थी हमखास लिहितात की ऑक्सिटोसिन पश्च पिट्युटरीत, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागात, तयार होतं. ते तयार होतं तिच्या वर मेंदूत असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये, पिट्युटरीचा मागचा भाग ते फक्त साठवतो आणि सोडतो. प्रोलॅक्टिन मात्र पुढच्या भागातच बनतं आणि मेंदूतून येणारं डोपामिन हे रसायन त्याला सतत आवरून धरतं. प्रोलॅक्टिन दूध बनवायला लावतं, ऑक्सिटोसिन ते बाहेर ढकलतं. अल्व्हिओलायभोवतीच्या आकुंचन पावणाऱ्या पेशी त्याच्यामुळे आवळल्या जातात आणि पान्हा फुटतो.

हा फरक परीक्षेपुरता नाही. पंप लावला, चार थेंब आले, आणि आईने ठरवून टाकलं की आपल्याला दूधच नाही! अनेकदा दूध असतं, पान्हा फुटलेला नसतो. वेदना, भीती आणि आजूबाजूच्या माणसांचा संकोच ऑक्सिटोसिनला अडवतात. अशा वेळी बाळाला उघड्या छातीशी घ्यावं, दुखणं असेल तर त्यावर उपचार घ्यावेत आणि खोलीतली गर्दी कमी करावी. पान्हा प्रत्येकीला जाणवतोच असं नाही. सुरुवातीच्या दिवसांत पाजताना ओटीपोटात कळ येणं किंवा दुसऱ्या बाजूने दूध ठिबकणं ही त्याचीच खूण.

पहिल्या दोन-तीन दिवसांत घरातली मंडळी घाबरतात, तेही ग्रंथीचा क्रम माहीत नसल्यामुळे. गर्भारपणाच्या मध्यापासूनच चिकाचं दूध तयार होऊ लागतं, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक भरपूर दूध सुटू देत नाही. वार पडली की ते झपाट्याने उतरतं आणि साधारण ३० ते ७२ तासांनी छाती भरून येते. तोवरचा चीक थोडाच असतो आणि निरोगी, वेळेवर जन्मलेल्या बाळाला सहसा तेवढा पुरतो. ७२ तासांनंतरही छाती भरली नाही, तर मात्र वाट पाहू नका. वारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, मधुमेह असू शकतो, किंवा बाळंतपणात झालेल्या मोठ्या रक्तस्रावाने पिट्युटरीला इजा झालेली असू शकते. डॉक्टरांना दाखवा आणि बाळाचं वजनही तपासून घ्या.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक यानंतर होते. एकदा दूध उतरलं की किती बनवायचं हे बरंचसं त्या-त्या स्तनात ठरतं. दूध निघालं की पेशी बनवतात, साचून राहिलं की वेग कमी करतात. म्हणूनच एका बाजूला पाजणं बंद केलं तर ती आटते आणि दुसरी चालू राहते. आता बघा: बाळ संध्याकाळी किरकिरतं, घरचे म्हणतात दूध कमी आहे, वरचं दूध दिलं जातं, बाळ झोपतं, छाती भरलेलीच राहते आणि पुढचं दूध खरोखर कमी होतं. कमतरता आधी नव्हती, ती तयार केली गेली. याचं मला फार वाईट वाटतं, कारण दोष नेहमी आईच्या माथी येतो.

काही आठवड्यांनी छाती मऊ लागणं म्हणजे दूध आटणं नव्हे, उत्पादन गरजेशी जुळलं इतकंच. पाहायचं ते बाळाकडे. पाचव्या दिवसानंतर दिवसात सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का, साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत येतं का? वजन वाढत नसेल तर वरचं दूध नाकारू नका, पण प्रत्येक वेळी छातीही रिकामी करा. रात्रीचं पाजणं तोडू नका, प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही दूध कमी होऊ शकतं, हे डॉक्टरांना विचारा.

छाती दगडासारखी झाली की जोरात चोळणं आणि पंपाने पार उपसणं, हेही चुकीचं. त्या घट्टपणात दुधाइतकीच ऊतींची सूज असते. चोळल्याने ती वाढते आणि जादा उपसल्याने दूध आणखी बनतं. बाळाच्या गरजेप्रमाणे पाजा आणि मधल्या वेळात थंड शेक द्या. ताप आणि लाली २४ तासांत ओसरली नाही तर डॉक्टर गाठा.

दूध पाजण्याशी संबंध नसलेल्या वयातही हात आवरावा लागतो. नवजात बाळाच्या छातीला, मुलगा असो वा मुलगी, संप्रेरकांमुळे सूज येते, कधी थेंबभर दूधही येतं. पिळू नका, जंतुसंसर्ग होऊन गळू होतं. वयात येणाऱ्या मुलीला एकाच बाजूला बोंडाखाली दुखरी गाठ लागली, तर ती बहुधा स्तनाची कळी, म्हणजे वाढू लागलेल्या स्तनाची सुरुवात, असते आणि दुसरी बाजू काही महिन्यांनी मागून येते. शंका असेल तर सोनोग्राफी करा. ती कळी कापून काढली तर त्या बाजूला स्तन वाढतच नाही. प्रौढ स्त्रीची गाठ मात्र वेगळी. अंगावर पाजत असतानाही दोन आठवड्यांत न गेलेली गाठ तपासून घ्यायलाच हवी, आणि सोनोग्राफीसाठी दूध तोडावं लागत नाही.