सर्वकालीन महान फलंदाज ठरवताय? या चुका टाळा

ब्रॅडमन, सचिन, लारा, रिचर्ड्‌स, गावसकर. ही नावं निघाली की गप्पा हमरीतुमरीवर यायला वेळ लागत नाही, आणि तासाभरानं कुणाचंही मत तसूभर हललेलं नसतं. मी या वादात अनेक वर्षं मनापासून पडत आलो आहे. आता माझं ठाम मत झालं आहे की भांडणारे दोघं बहुतेक वेळा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. बाकीच्या बऱ्याचशा चुका तिथूनच निघतात.

प्रश्न न ठरवता क्रम लावणं

"सर्वांत महान" म्हणजे काय? जो सर्वांत जास्त काळ उत्तम खेळला तो, की ऐन भरात असताना ज्याला रोखणं सर्वांत कठीण होतं तो? पहिला प्रश्न असेल तर सचिनची बाजू फार जड आहे. १९८९ ते २०१३, २०० कसोटी, १५,९२१ धावा, ५१ शतकं. चोवीस वर्षांत गोलंदाजांच्या पिढ्या बदलल्या, तो मात्र उभाच होता. दुसरा प्रश्न असेल तर १९७६ सालचा व्हिव रिचर्ड्‌स समोर येतो. त्या एका वर्षात ११ कसोटींत १,७१० धावा, त्यातल्या ८२९ इंग्लंडमधल्या एकाच मालिकेत, तीही चार कसोटी खेळून. त्याची कारकिर्दीची सरासरी ५०.२३ आहे. नुसती ती पाहून त्याला दहाव्या-बाराव्या जागी ढकलणाऱ्यानं प्रश्नच चुकीचा घेतला आहे.

म्हणून आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा. समोरच्याला तो मान्य आहे का, ते विचारा. मान्य नसेल तर दोन याद्या करा, त्यात काही बिघडत नाही.

सरासरी एकटीच पुढे करणं

ऑस्ट्रेलियाच्या ॲडम व्होजेसची कसोटी सरासरी ६१.८७ आहे. सचिन, लारा, सोबर्स, सगळ्यांपेक्षा जास्त. पण तो २० कसोटी खेळला आणि त्याच्या १,४८५ धावांपैकी ५४२ वेस्ट इंडिजविरुद्ध आल्या, त्याही एकदाच बाद होऊन. तेवढा भाग वगळला की सरासरी ४१ वर येते. व्होजेस चांगला फलंदाज होता, यात शंका नाही. पण सरासरी दिसली की किती डाव, कुणाविरुद्ध आणि कितव्या क्रमांकावर, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत.

नाबाद डावांचा आक्षेपही नेहमी येतो: सरासरी काढताना धावांना फक्त बाद झालेल्या डावांनी भागतात, म्हणून नाबाद राहणाऱ्याची सरासरी फुगते. तो तपासणं सोपं आहे. ब्रॅडमन ८० डावांत १० वेळा नाबाद राहिला. नाबादची सवलत काढून सरळ धावांना डावांनी भागलं तरी डावामागे ८७ च्या पुढे धावा उरतात. म्हणजे हा आक्षेप त्याच्या बाबतीत फारसा टिकत नाही.

क्रमांकाचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण तो सर्रास विसरला जातो. सलामीवीराला नवा, टणक, स्विंग होणारा चेंडू आणि ताजेतवाने गोलंदाज मिळतात. गावसकरच्या ५१.१२ कडे पाहताना हे लक्षात असू द्या. कुमार संगकाराची गोष्ट वेगळ्या तऱ्हेची: यष्टिरक्षण करत खेळलेल्या कसोटींत त्याची सरासरी चाळिशीच्या आसपास, आणि ग्लोव्हज उतरवून निव्वळ फलंदाज म्हणून खेळलेल्या ८६ कसोटींत ६६.७८. फलंदाज तोच, पण कामाचा भार वेगळा.

वेगवेगळे काळ एकाच फुटपट्टीनं मोजणं

"ब्रॅडमन आज खेळला असता तर निम्म्याच धावा केल्या असत्या" किंवा "आजच्या पोरांना हेल्मेट काढून उभं करा, मग बघू". ही दोन्ही वाक्यं मी फार ऐकली आहेत. दोन्हींत एकच गफलत आहे. आपण खेळाडूला उचलून दुसऱ्या काळात टाकतो, पण त्या काळातलं प्रशिक्षण, आहार, बॅट आणि सराव त्याला देत नाही.

प्रत्येक काळानं फलंदाजाला काही दिलं आणि काही काढून घेतलं. पूर्वी सामना सुरू असताना खेळपट्टी झाकत नसत. पावसानं भिजून वर ऊन पडलं की चेंडू कुठे उसळेल, कुठे बसेल याचा नेम नसे. १९२६ साली ओव्हलवर तशाच खेळपट्टीवर इंग्लंडच्या हॉब्जनं १०० आणि सटक्लिफनं १६१ केल्या. १७२ धावांची त्यांची सलामीची भागीदारी सरासरीच्या कुठल्याच रकान्यात दिसत नाही. हेल्मेट आलं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑफ यष्टीच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर पायचीत देताच येत नसे. क्षेत्ररक्षणही आजच्या इतकं चपळ नव्हतं. आजच्या फलंदाजाचा प्रत्येक कच्चा दुवा मात्र चित्रफितीवर उलगडून पाहिला जातो, आणि पायचीतचा संशयाचा फायदा पंचाकडून पूर्वीसारखा मिळत नाही.

यावर उपाय एकच: खेळाडूला त्याच्याच काळातल्या लोकांशी ताडून पाहा. ब्रॅडमनच्या काळातले थोर फलंदाज बघा: वेस्ट इंडिजचा हेडली ६०.८३, इंग्लंडचे सटक्लिफ ६०.७३ आणि हॅमंड ५८.४५. त्याच काळात, तसल्याच खेळपट्ट्यांवर ब्रॅडमन ९९.९४. म्हणजे त्याच्या काळात धावा स्वस्त होत्या म्हणून हे झालं असं म्हणायचं, तर बाकीच्यांना त्या महाग का पडल्या, याचं उत्तर द्यावं लागतं. त्याला रोखायला इंग्लंडनं १९३२-३३ मध्ये बॉडीलाइनचा, म्हणजे थेट अंगावर चेंडू टाकण्याचा, मारा आखला, तेव्हाही त्याची सरासरी ५६.५७ राहिली. त्यानं कसोटी क्रिकेट फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात खेळलं, हा आक्षेप खरा आहे आणि तो नोंदवायलाच हवा. पण चाळीस धावांची दरी त्यानं बुजत नाही.

"त्याचं शतक म्हणजे हार"

हे वाक्य सचिनबद्दल इतक्यांदा म्हटलं गेलं की लोकांना ते खरं वाटू लागलं. मोजून पाहा. त्याच्या ४९ एकदिवसीय शतकांपैकी ३३ मध्ये भारत जिंकला. कसोटीत ५१ शतकांपैकी २० विजय, २० अनिर्णित आणि ११ पराभव. पराभव जास्त सलतात म्हणून तेच लक्षात राहतात. लाराचं २००१-०२ चं श्रीलंकेतलं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. तीन कसोटींत ६८८ धावा, शेवटच्या सामन्यात २२१ आणि १३०, आणि मालिका ०-३. दुसऱ्या टोकाला त्याचीच १९९९ ची ब्रिजटाउनची नाबाद १५३: ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३०८ चा पाठलाग एक गडी राखून पूर्ण झाला. त्या दिवशी अकराव्या क्रमांकाचा वॉल्श बाद झाला असता तर लाराची फलंदाजी लहान झाली असती का?

एका दौऱ्यावरून शिक्का मारणं

कोहली २०१४ मध्ये इंग्लंडात १० डावांत १३४ धावा करून परतला. "स्विंग खेळता येत नाही" असा निकाल लागून गेला. २०१८ मध्ये त्याच देशात त्यानं ५९३ धावा केल्या. एका मालिकेतून त्या वेळचा फॉर्म कळतो, दोन-तीन दौऱ्यांतून खरा स्वभाव. तेव्हा हवी तेवढीच आकडेवारी कापून दाखवणाऱ्याकडे उरलेलीही मागा.

कसोटी आणि एकदिवसीय या प्रकारांची सरमिसळ हीदेखील अशीच कापाकापी. १९७५ च्या विश्वचषकातल्या गावसकरच्या १७४ चेंडूंतल्या नाबाद ३६ काढून त्याच्या कसोटी फलंदाजीवर बोलू नये. १९७०-७१ मध्ये पदार्पणाच्या मालिकेत चार कसोटींत ७७४ धावा करणारा माणूस तो. तसंच सोबर्स किंवा कॅलिसच्या बळींचे गुण फलंदाजांच्या यादीत मिसळायचे नाहीत. अष्टपैलूंची यादी वेगळी.

वाद अडकलाच तर

नावं झाकून फक्त नोंदी समोर ठेवा: क्रमांक, काळ, प्रतिस्पर्धी, मायदेशातली आणि परदेशातली कामगिरी. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्याच आवडत्या खेळाडूला मी दोन जागा खाली टाकलं होतं. दुसरं म्हणजे एक ते दहा क्रम लावण्याचा हट्ट सोडून पायऱ्या करा. सातवा आणि आठवा यांतला फरक बहुधा आपल्या आवडीचाच असतो. दक्षिण आफ्रिकेच्या बॅरी रिचर्ड्‌ससारखे, ज्यांना वर्णद्वेषी राजवटीमुळे आलेल्या बंदीपायी चारच कसोटी मिळाल्या, त्यांची नोंद वेगळी ठेवा. ५०८ धावांवरून क्रमांक देणं हा अंदाज होतो.

माझ्या यादीत ब्रॅडमन वरच्या पायरीवर एकटा आहे. खालच्या पायरीवर, कुठलाही क्रम न लावता, हॉब्ज, हेडली, सोबर्स, गावसकर, व्हिव रिचर्ड्‌स, सचिन आणि लारा. हेडली तिथे उशिरा आला, १९३९ ची लॉर्ड्‌सची कसोटी नीट वाचल्यावर. वेस्ट इंडिजच्या २७७ मध्ये त्याच्या १०६, दुसऱ्या डावातल्या २२५ मध्ये १०७, आणि संघ हरला. सटक्लिफला त्या पायरीवर घ्यायचं की नाही, यावर माझं अजून ठरलेलं नाही.