ड जीवनसत्त्व: कोणते ऊन घ्यावे आणि गोळी केव्हा घ्यावी

ड जीवनसत्त्वासाठी ऊन घ्यायचे असेल, तर घड्याळापेक्षा स्वतःच्या सावलीकडे पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. सपाट जमिनीवर उभे राहिल्यावर सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडत असेल, तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांहून वर आलेला असतो आणि त्या वेळचे ऊन उपयोगाचे असते; सावली उंचीपेक्षा लांब असेल, तर त्या उन्हातून ड जीवनसत्त्व फारच थोडे तयार होते. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करण्याचे काम सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण करतात. साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीच्या या किरणांना सूर्य खाली असताना वातावरणातून, विशेषतः ओझोनच्या थरातून, तिरका आणि लांबचा प्रवास करावा लागतो, त्यामुळे ते वाटेतच शोषले जातात. सकाळी सातचे कोवळे ऊन अंगावर घेण्याची आपल्याकडची रीत म्हणूनच या एका कामासाठी अपुरी पडते. ते ऊन सुखद असते, झोपेचे चक्र सुधारण्यासही त्याची मदत होते. मात्र रक्तातील ड जीवनसत्त्व त्याने फारसे वाढत नाही.

महाराष्ट्राचे अक्षांश या बाबतीत अनुकूल आहेत. पुण्यात २१ डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे सूर्य सर्वांत खाली असताना, माध्यान्ही तो सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे सावली उंचीपेक्षा आखूड असण्याचा काळ साधारण साडेअकरा ते दीड एवढाच मिळतो. मेच्या मध्यात तोच काळ सकाळी सव्वानऊ-साडेनऊलाच सुरू होतो. नागपूर पुण्याच्या पूर्वेला असल्याने तिथे तो आणखी वीसेक मिनिटे आधी, नऊच्या सुमारास सुरू होतो. हा फरक विदर्भात फार महत्त्वाचा आहे, कारण एप्रिल-मे महिन्यांत ड जीवनसत्त्वासाठी भर दुपारी गच्चीवर बसणे म्हणजे उष्माघाताला निमंत्रण देणे होय. त्या दिवसांत नऊ ते दहा ही वेळ पुरेशी असते. याउलट डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेआठला शाल पांघरून उन्हात बसलेल्यांना ऊब मिळते, पण जीवनसत्त्व जवळजवळ मिळत नाही. त्यांनी ती बैठक जेवणाच्या सुट्टीत हलवावी.

उन्हात किती वेळ थांबावे, याला सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर नाही. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य तेच किरण अडवते, त्यामुळे सावळ्या माणसाला गोऱ्या माणसाच्या कितीतरी पट अधिक वेळ लागतो. युरोप-अमेरिकेतील लेखांत आढळणारी ‘दहा मिनिटे पुरे’ ही शिफारस आपल्याकडे जशीच्या तशी लागू करू नये. वय वाढत जाते तसतसा त्वचेतील कच्चा माल कमी होतो, म्हणून सत्तरीतील व्यक्तीच्या त्वचेत तेवढ्याच उन्हात विशीतील व्यक्तीपेक्षा बरेच कमी जीवनसत्त्व तयार होते. व्यवहारात सुरुवात म्हणून दंड आणि गुडघ्याखालील पाय उघडे ठेवून अर्धा तास, आठवड्यातून चार-पाच दिवस, असा बेत करावा आणि त्वचा तापून लाल होण्याच्या किंवा चुरचुरण्याच्या आत सावलीत यावे. चेहऱ्याला ऊन देण्याचा आग्रह धरू नये. चेहऱ्याचे क्षेत्रफळ तसे कमी असते आणि वांग किंवा काळे डाग पडण्याचा धोका तिथेच जास्त असतो, त्यामुळे टोपी घालून किंवा चेहऱ्यावर सनस्क्रीन लावून हात-पाय व पाठ उन्हात ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

उन्हात जाणे आणि त्वचेला ऊन लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यात भर दुपारी दुचाकीवरून जाणारी एखादी तरुणी सनकोट, हातमोजे आणि डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला स्कार्फ अशा पेहरावात असते. ती तासभर उन्हात असली तरी तिच्या त्वचेला जवळपास काहीच मिळत नाही. ही बाब नवी नाही. हचिसन आणि शाह या संशोधकांनी १९२२ मध्ये नाशिक भागातील मुडदुसाचा, म्हणजे ड जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांची हाडे मऊ पडून वाकण्याच्या रोगाचा, अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा पडदा पाळणाऱ्या सुस्थितीतील कुटुंबांत हा रोग आढळला आणि आहार निकृष्ट असूनही उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत तो जवळपास आढळला नाही. आज पडद्याची जागा वातानुकूलित कचेरी, बंद मोटार आणि सूर्य उगवण्यापूर्वी सुरू होऊन मावळल्यावर संपणारा लोकल गाडीचा प्रवास यांनी घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी निरुपयोगी आहे. साधी काच अतिनील-ब किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, पण त्वचा काळवंडवणारे अतिनील-अ किरण बऱ्याच प्रमाणात आत सोडते, म्हणजे फायदा शून्य आणि तोटा मात्र पदरात. सदनिकेत राहणाऱ्यांनी बाल्कनीची दिशा पाहावी. दक्षिणेकडील बाल्कनीत हिवाळ्यात माध्यान्हीचे ऊन चांगले येते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मेमध्ये तो जवळपास डोक्यावर असल्याने त्याच बाल्कनीत वरच्या मजल्याची सावली पडते आणि गच्ची किंवा सोसायटीचे आवार गाठण्यावाचून पर्याय राहत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, ढगांमुळे हे किरण बरेच घटतात. शरीर चरबीत थोडा साठा करून ठेवते, पण रक्तातील ज्या रूपाची तपासणी होते त्याचे प्रमाण दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येते. म्हणून उन्हाळ्यातील साठ्यावर ऑक्टोबरपर्यंत निश्चिंत राहता येत नाही.

उन्हाच्या बाबतीत एक दिलासा आहे. ऊन कितीही घेतले तरी त्यातून ड जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही, कारण ठरावीक मर्यादेनंतर त्वचेत तयार झालेले पूर्वरूप त्याच प्रकाशाने मोडून निष्क्रिय पदार्थांत बदलते. गोळीला असा अंगभूत लगाम नसतो.

आहाराबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण आपल्या आहारात हे जीवनसत्त्व मुळातच कमी आहे. बांगडा आणि तारली यांसारखे तेलकट मासे हा त्याचा चांगला स्रोत आहे आणि अंड्याच्या बलकातही ते थोडे असते. पोळी, भाजी, वरण, भात यांत ते जवळपास नसते. पिशवीवर निळ्या रंगात ‘+एफ’ अशी इंग्रजी खूण असलेल्या पोषणवर्धित दुधात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या निकषांनुसार लिटरमागे ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आंतरराष्ट्रीय एकके, अर्थात आययू. त्या हिशेबाने २०० मिलिलिटरच्या पेल्यातून ४० ते ६० आययू मिळतात. प्रौढाची रोजची गरज ६०० आययू धरली जाते. दूध कॅल्शियमसाठी अवश्य प्यावे. ड जीवनसत्त्वासाठी त्यावर विसंबू नये.

तपासणी सर्वांनी करावी असे नाही, आणि संपूर्ण शरीर तपासणीच्या सवलतीच्या पॅकेजमध्ये आहे म्हणून तर मुळीच करू नये, असे माझे मत आहे. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटी या संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शनात निरोगी प्रौढांच्या सरसकट तपासणीला विरोध केला आहे. हाडांमध्ये खोलवर ठणकणारी वेदना, जिना चढताना किंवा मांडी घालून बसल्यावर उठताना मांड्यांमध्ये जाणवणारी अशक्तता, किरकोळ पडण्याने झालेला अस्थिभंग, मूत्रपिंड, यकृत किंवा आतड्यांचा जुना विकार, फिट्सवरील फेनिटॉइनसारखी औषधे आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन ही तपासणीची रास्त कारणे आहेत. चाचणी ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ हीच असावी. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही नावाने जवळची चाचणी वेगळ्या कारणांसाठी असते आणि शरीरातील साठा तिच्यातून कळत नाही.

अहवालातील आकडा वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी. मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी पातळी ही खरी कमतरता असते आणि तिच्यात मुलांना मुडदूस व मोठ्यांना हाडे मऊ पडण्याचा विकार होऊ शकतो. हाडांच्या आरोग्यासाठी बहुतेकांना २० पुरतात. अनेक प्रयोगशाळा मात्र ३० च्या खालचा प्रत्येक आकडा ठळक अक्षरांत ‘अपुरा’ म्हणून छापतात, आणि २४ आले म्हणून घाबरून आलेली माणसे औषधाच्या दुकानात रांग लावतात.

त्या दुकानात सहज हाती पडते ती ६०,००० आययूची पुडी किंवा कॅप्सूल. कमतरता सिद्ध झालेल्या प्रौढाला डॉक्टर ती सहसा आठवड्यातून एकदा, आठ आठवड्यांपर्यंत देतात, आणि त्यानंतर रोजच्या लहान मात्रेवर किंवा महिन्यातून एका पुडीवर आणतात. या मात्रांचे गणित डोळ्यांसमोर ठेवावे: आठवड्याला एक पुडी म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ हजार आययू, तर महिन्याला एक पुडी म्हणजे दिवसाला दोन हजार. वैद्यकीय देखरेखीविना दीर्घकाळ घेण्याची प्रौढांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला ४,००० आययू मानली जाते. म्हणजे आठवड्याची पुडी हा मुदतीचा उपचार आहे. चिठ्ठी संपल्यावरही ती वर्षानुवर्षे चालू ठेवणे, किंवा ‘आठवड्यातून एकदा’ हे विसरून ती रोज घेणे, यांतूनच विषबाधा होते. वृद्ध आई-वडिलांच्या पुड्यांवर तारखा लिहून ठेवाव्यात. वर्षाचा कोटा एकदम देण्याच्या मोहातही पडू नये. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख आययू देऊन झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले होते.

ज्यांना कमतरता सिद्ध झालेली नाही, पण ऊन मिळतच नाही, त्यांच्यासाठी रोज ६०० ते १,००० आययूची साधी गोळी पुरेशी असते. सत्तरीपुढे गरज ८०० ची धरतात. या जीवनसत्त्वाच्या दोन रूपांपैकी ड३ हे ड२ पेक्षा रक्तातील पातळी अधिक चांगली टिकवते. हे जीवनसत्त्व मेदात विरघळते, त्यामुळे ते उपाशीपोटी न घेता दुपारच्या जेवणानंतर घ्यावे; पुडी साय न काढलेल्या दुधातून घेतली तरी चालते. कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये आणि बहुजीवनसत्त्व गोळ्यांमध्येही ड३ मिसळलेले असते, म्हणून सर्व वेष्टनांवरील आकडे एकदा कागदावर मांडून त्यांची बेरीज करावी. उपचारानंतरची फेरतपासणी तीन महिन्यांच्या आत करण्यात अर्थ नाही, कारण पातळी तोवर स्थिर झालेली नसते. अपेक्षाही मोजक्याच ठेवाव्यात: अमेरिकेत सुमारे २६ हजार प्रौढांवर झालेल्या ‘व्हायटल’ चाचणीत रोज २,००० आययू घेऊनही कर्करोग, हृदयविकार किंवा अस्थिभंग यांचे प्रमाण घटले नाही. आधीच पुरेसे असलेल्यांना जास्तीचा काही लाभ होत नाही.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत उन्हावर भिस्त ठेवू नये. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व अगदी थोडे असते, आणि तेल लावून बाळाला सकाळच्या उन्हात धरल्याने वर सांगितलेल्या कारणामुळे ती उणीव भरून निघत नाही, तर दुपारचे ऊन त्याच्या त्वचेला सोसत नाही. म्हणून पहिल्या वर्षात रोज ४०० आययूचे थेंब देण्याची शिफारस आहे. हे थेंब मिलिलिटरमागे ४०० आणि ८०० अशा दोन्ही तीव्रतांत मिळतात, त्यामुळे कंपनी बदलली की बाटलीवरील आकडा वाचून मगच ड्रॉपर भरावा.

परदेशी राहणाऱ्यांसाठी सावलीचा नियम तोच आहे, पण त्याचा निकाल वेगळा लागतो. लंडनमध्ये डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य जेमतेम १५ अंशांवर असतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च तिथल्या उन्हातून काही मिळत नाही. त्या काळात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० आययू, घेण्याचा आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असा तेथील सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. तिथला अहवाल नॅनोमोल प्रति लिटर या एककात येतो. त्याला अडीचने भागले की आपल्याकडचा आकडा मिळतो.

मुतखडा, रक्तातील वाढलेले कॅल्शियम, पॅराथायरॉइडचा विकार किंवा सारकॉइडोसिस असलेल्यांनी, तसेच हृदयविकारावरील डिगॉक्सिन किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी थायझाइड गटातील औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही मात्रा सुरू करू नये. पुड्या घेत असताना मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, न शमणारी तहान, वारंवार लघवी किंवा वृद्ध व्यक्तीमध्ये अचानक गोंधळलेपणा दिसू लागला, तर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, घरातील सर्व वेष्टने सोबत न्यावीत आणि रक्तातील कॅल्शियम व मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घ्यावे.