उंदरांची हाडं, डेक्सा आणि माझं वाया गेलेलं वर्ष

बी६ आणि सी३एच हे प्रयोगशाळेतल्या उंदरांचे दोन शुद्ध वंश (एका वंशातले सगळे उंदीर जनुकांनी जवळपास सारखेच). बी६ची हाडं विरळ आणि सी३एचची भरीव, हे तुम्ही वाचलेलं असणारच. मेन राज्यातल्या जॅक्सन लॅबोरेटरीत बीमर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली ११ शुद्ध वंशांच्या माद्यांच्या हाडांची घनता मोजली, तेव्हा मांडीच्या हाडात हीच दोन टोकं निघाली. पिंजरा तोच, खाणं तेच, म्हणजे फरक रक्तातलाच. मीही याच दोघांचा क्रॉस घेतला, एफ२ पिढी (म्हणजे त्यांची नातवंडं) वाढवली, सगळे उंदीर डेक्सावर (हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रे यंत्रावर) घातले. एका गुणसूत्रावर आलेखात झकास शिखर आलं, म्हणजे घनता बदलणारं जनुक तिथेच कुठेतरी असल्याची खूण. पेढे वाटायचेच बाकी होते.

तेवढ्यात शेजारच्या बाकावरच्या एका सीनियरने विचारलं, "वजन लावून बघितलंस?" लावलं, म्हणजे उंदरांच्या वजनातला फरक हिशेबातून वजा केला. शिखर सपाट!

इथे नीट थांबा. डेक्सा सावली मोजतं: ग्रॅम भागिले चौरस सेंटिमीटर. हाडाची जाडी त्याला दिसतच नाही. एकाच दगडाचे दोन ठोकळे घ्या, एक १ मिमीचा, दुसरा २ मिमीचा. मोठ्याचं वस्तुमान ८ पट, सावली ४ पट. दगड तोच, तरी डेक्सा म्हणणार घनता दुप्पट. मी घनतेचं जनुक म्हणून जे मिरवत होतो, ते बहुधा उंदीर थोराड करणारं जनुक होतं.

म्हणून स्कॅनच्याच दिवशी वजन घ्या, मांडीच्या हाडाची लांबीही. आणि लगेच आंधळेपणाने वजन वजाही करू नका. जड उंदराच्या हाडावर भार जास्त पडतो, तेव्हा वजनातून हाडापर्यंत जाणारा खरा परिणामही त्यात पुसला जातो. वजन वजा केलेले आणि न केलेले, दोन्ही आकडे शेजारी ठेवा. लॅबमध्ये पिढीजात चालत आलेली स्क्रिप्ट (आकडेमोडीचा तयार प्रोग्राम) हा निर्णय तुमच्यासाठी घेत नाही. 'आधी डेटा आण, मग बोलू' म्हणणारे गाईडही घेत नाहीत, हे माझं अनुभवी मत.

जमलं तर मायक्रो-सीटीच (हाडाचं बारीक त्रिमितीय स्कॅन) करा, बाहेरचं घट्ट हाड आणि आतलं जाळीदार हाड वेगवेगळं. सी३एचची मांडी दणकट असते, पण मणक्यातली जाळी मात्र विरळ. 'घनता' म्हणजे कुठल्या हाडाची, हे न विचारता पुढे जाऊच नका.

घाबरू नका मात्र. बी६ आणि डीबीए/२ (आणखी एक शुद्ध वंश) यांच्या हाडांतल्या फरकावरून ११व्या गुणसूत्रावरच्या एएलओएक्स१५ जनुकापर्यंत लोक पोचले, २००४ साली ते छापूनही आलं. रस्ता आहे.

माझी हाडं नशिबाने ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवलेली होती. आता एकेक करून पुन्हा स्कॅन करतोय. अजून ८० बाकी आहेत.