बोस्नियन शुद्धलेखन: कान फसवतो तिथे काय करावे

‘जसे बोलता तसे लिहा’ हे सूत्र सर्बियन भाषासुधारक व्हुक काराजिच यांनी १९व्या शतकात रुजवले आणि बोस्नियन लेखन आजही त्यावरच चालते. अक्षरे ३०, प्रत्येकाचा उच्चार ठरलेला. चुका होतात त्या मोजक्या जागी, जिथे नुसते ऐकून अक्षर ठरत नाही.

आधी अक्षरे पक्की करा. रोमन लिपीतले क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय इथे नाहीत. ‘जे’ नेहमी य. साधा ‘सी’ म्हणजे ‘चमचा’तला च, तर ‘चिमणी’तल्या च साठी ‘सी’वर खूण लागते. मराठी माणसाला हा भेद आयताच येतो. ‘एल-जे’, ‘एन-जे’ आणि ‘डी व टोपीचा (वर ˇ खूण असलेला) झेड’ या जोड्या प्रत्येकी एकच अक्षर मानतात. म्हणून शब्दकोशात ‘ल्युबाव’ (प्रेम) हा शब्द ‘एल’चे सगळे शब्द संपल्यावर सापडतो. स्वराची लांबी एरवी लिहीत नाहीत: ‘ग्राद’ म्हणजे शहरही आणि गाराही, लेखन एकच.

दोन ‘च’ शब्दकुळावरून ओळखा. सर्वात जास्त वेळ इथे द्या. एका ‘सी’वर टोपी, दुसऱ्यावर तिरकी काडी. राजधानी सारायेवोसह अनेक ठिकाणी बोलताना लोक या दोन्हींत फरक करत नाहीत, त्यामुळे तिथली मुलेही शाळेत इथेच अडखळतात. मूळ शब्दात क असेल तर टोपी: रुका (हात), रुचनि (हाताचा). मूळ शब्दात त असेल तर काडी: ब्रात (भाऊ), ब्राचा (अनेक भाऊ), प्लातिति (पैसे देणे), प्लाचेन (पैसे दिलेला). आडनावांतला ‘इच’ आणि इचि (जाणे), दोचि (येणे) अशा क्रियापदांतला ‘चि’ काडीचा.

तुर्कीतून आलेल्या शब्दांना वेगळी किल्ली आहे. तुर्कीत क असेल तर काडी: केबापचा चेवाप (भाजलेले मांस), किलिमचा चिलिम (गालिचा). तुर्कीतच च असेल तर टोपी: चोर्बा (सूप), चार्शिया (बाजारपेठ).

‘ज’चीही अशीच जोडी आहे. द पासून झालेला ज छेदलेल्या ‘डी’ने लिहा: म्लाद (तरुण), म्लाजि (अधिक तरुण). टोपीच्या च पासून झालेला ज मात्र ‘डी व टोपीचा झेड’ने: नारुचिति (मागवणे), नारुज्बा (मागणी). धंदा दाखवणारा ‘जिया’ प्रत्ययही असाच लिहितात.

‘इये’ की ‘ये’? स्वर लांब असेल तर ‘आय-जे-ई’, आखूड झाला की नुसते ‘जे-ई’. म्हणून शब्द एकटा पाठ करू नका, त्याचे दुसरे रूपही सोबत लिहा: दियेते–द्येतेता (मूल–मुलाचे), लियेप–ल्येप्शि (सुंदर–अधिक सुंदर). व्रियेमे (वेळ) या शब्दाचे पुढचे रूप व्रेमेना. तिथे ‘र’च्या आधी व्यंजन असल्याने ‘जे’ही गळतो. सर्बियन मजकुरावर सराव केला तर ‘म्लेको’ (दूध) हातात बसेल; बोस्नियनमध्ये ‘म्लियेको’ हवे.

छोट्या पण वारंवार होणाऱ्या चुका. काह्वा (कॉफी), लाह्को (सोपे), मेह्को (मऊ) यांतला ह लिहायचाच. तो बोस्नियनची ओळख आहे. भविष्यकाळात ‘रादिचु’ (मी काम करीन) असे ऐकू येते, पण लिहिताना ‘रादित’ आणि ‘चु’ वेगळे. ‘चु’ आधी आला तर ‘रादिति’ पूर्ण लिहा. नकाराचा ‘ने’ क्रियापदापासून सुटा असतो. नेचु (मी करणार नाही), नेमाम (माझ्याकडे नाही), निसाम (मी नाही), नेमोय (करू नको) मात्र जोडून. स्लादाक (गोड) चे स्लात्का होताना द चा त लिहितात, पण स च्या आधी द तसाच ठेवतात: ‘ग्राद्स्कि’ (शहरी).

सराव. रोज दहा मिनिटे श्रुतलेखन करा. लिखित प्रत असलेला ध्वनिमुद्रित मजकूर घ्या, पाच-सहा वाक्ये ऐकून लिहा आणि ताडून पाहा. चुकलेला शब्द नुसता दहादा गिरवण्यापेक्षा त्याचे कारण वहीत लिहा: दोन च, इये-ये, ह, की जोडणे-तोडणे. आठवड्याने कोणता रकाना भरला ते बघा आणि पुढचा आठवडा त्यालाच द्या. अडल्यास सेनाहिद हालिलोविच यांचे बोस्नियन शुद्धलेखनाचे पुस्तक पाहा. ते १९९६ साली आले, दुसरी आवृत्ती २०१७ ची.

मोबाइलवर ‘सी’ दाबून धरला की खुणांची अक्षरे उघडतात, ती वापराच. गप्पांच्या संदेशांत बोस्नियन लोक स्वतःच खुणा गाळतात, म्हणून ते संदेश नमुना म्हणून घेऊ नका. काडी गेली की ‘कुचा’ (घर) या शब्दाचे ‘दार ठोठावतो’ होते.